रेल्वेच्या थर्ड एसीत कुत्र्यांना परवानगी द्यावी का?

वाडीकर:
चतुर्थीला सावंतवाडीला जायचंय, सोबत आमची लॅब्रेडॉर. रेल्वेचा नियम असा: कुत्रा न्यायचा तर फर्स्ट एसी, तेही दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थची केबिन अख्खी आपल्या नावावर. सेकंड एसी, थर्ड एसी, स्लीपर, चेअर कार सगळीकडे बंदी. टोपलीत मावणारं पिल्लू तेवढं चालतं. नाहीतर ब्रेक व्हॅनमधला, म्हणजे गाडीच्या टोकाच्या गार्डच्या डब्यातला, डॉग बॉक्स (कुत्र्याचा पत्र्याचा पिंजरा). बरं, दोन तिकिटं काढली तरी कूपेच मिळेल याची खात्री नाही, कारण फर्स्ट एसीचे बर्थ नंबर चार्ट लागल्यावर कळतात. गरीब रथला तर फर्स्ट एसीचा डबाच नसतो.
माझं म्हणणं एवढंच, की थर्ड एसीच्या एका डब्यात टोकाचे आठ बर्थ प्राणीवाल्यांना द्या. जादा भाडं घ्या, लसीचं कार्ड तपासा. आत्ता फक्त मालकाचा खिसा तपासला जातोय.

मिडल_बर्थ:
साफ असहमत. कूपेला दार आहे, थर्ड एसीला पडदासुद्धा धड नसतो. बंद डब्यात तीच हवा फिरत राहते. माझ्या मुलीला केसांची ॲलर्जी आहे, तिने टोकाचे आठ बर्थ सोडून बसलं तरी काय फरक पडणार? तुमची लॅब गुणी असेलही. रात्री दोनला कोणी अंधारात चढला आणि तिच्या शेपटीवर पाय दिला तर? आणि शी-शूचं काय? पॅसेजमध्ये?

वाडीकर:
शी-शूसाठी डायपर मिळतात. पॅसेजमध्ये माणसं काय काय करून ठेवतात ते मी इथे लिहीत नाही.

कोल्हापुरी_व्हेट:
मी पशुवैद्य आहे, म्हणून डॉग बॉक्सबद्दल बोलतो. प्राणी वाहतुकीचे 1978 चे केंद्राचे नियम आहेत. कुत्र्या-मांजरांना उन्हाळ्यात दर चार तासांनी आणि हिवाळ्यात दर सहा तासांनी पाणी पाजलंच पाहिजे. मोठ्या कुत्र्याला बारा तासांतून एकदा खाणं, पिल्लाला दर चार तासांनी. आता सांगा, मालक मधल्या डब्यात आणि कुत्रा गाडीच्या टोकाला. दोन मिनिटांच्या थांब्यावर धावत जाऊन, दार उघडवून पाणी पाजून परत कोण येणार? म्हणजे एका नियमाने सक्ती करायची आणि दुसऱ्याने ती पाळणं अशक्य करायचं.
जाता जाता: प्रवासापूर्वी गुंगीचं औषध मागायला लोक येतात. मी देत नाही. पग, बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांचा त्याने श्वास अडकू शकतो.

माणदेशी:
लॅब्रेडॉरची चर्चा छान चाललीय. त्याच 1978 च्या नियमांत ट्रकमध्ये सहापेक्षा जास्त गुरं भरू नयेत असंही लिहिलंय. 2016 पासून तर गाय-म्हशीमागे दोन चौरस मीटर जागा हवी, मध्ये कप्पे हवेत. रविवारी सांगोल्याच्या बाजाराबाहेर उभं राहून मोजा. पण सहाच म्हशी न्यायच्या तर भाडं परवडत नाही, हेही खरं. एक जनावर विकून हाती उरतं काय? शेतकऱ्याने दोन्हीकडून मार खायचा.

मिडल_बर्थ:
@माणदेशी, यावर वेगळा धागा काढाच, मी येतो.

रातराणी:
विमानात चालतं, मग रेल्वेत का नको? आकासा आणि एअर इंडिया लहान कुत्री-मांजरं केबिनमध्ये नेऊ देतात.

मिडल_बर्थ:
बंद पिशवीत, वजनाची मर्यादा घालून, प्रवासभर बाहेर न काढता. इंडिगो तर पाळीव प्राणी घेतच नाही. थर्ड एसीतही पिशवीत मावणारं मांजर असेल तर माझी हरकत नाही, ॲलर्जीवाल्यांना आधी कळवा म्हणजे झालं. तीस किलोची लॅब त्या पिशवीत बसवून दाखवा.

वाडीकर:
तिला नाही बसवता येणार. पण मग मोठ्या कुत्र्यासाठी ब्रेक व्हॅनच का? गार्डच्या डब्याशेजारी मालकाला बसायला एक सीट द्या, मी थर्ड एसी मागणार नाही.

मिडल_बर्थ:
याला माझा पाठिंबा. अर्ज लिहिलात तर सही करतो.

कोल्हापुरी_व्हेट:
त्यात पंखाही मागा. मे महिन्यात त्या पत्र्याला हात लावून बघा एकदा.