सिझेरियनच्या वेळी पाठीतल्या भुलीनंतर होणारी मळमळ कशी टाळावी?

गिरणाकाठ, चाळीसगाव

माझे दुसरे सिझेरियन येत्या मे महिन्यात जळगावला व्हायचे आहे. पहिल्या वेळी पाठीत इंजेक्शन दिल्यावर काही मिनिटांतच घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि उलटी झाली; बाळ प्रथम दाखवले तेव्हा मला त्याच्याकडे नीट पाहताही आले नाही. तो क्षण या वेळी हुकू नये, अशी मनापासून इच्छा आहे. सासूबाई म्हणतात की रात्रीपासून पाण्याचा थेंबही घेतला नाही तर उलटी होणारच नाही. हे खरे आहे का?

भूलतज्ज्ञ, धुळे

ताई, पोट रिकामे असले तरी ही मळमळ होते, कारण तिचे मूळ बहुतेक वेळा पोटात नसून रक्तदाबात असते. पाठीतल्या भुलीने शरीराच्या खालच्या भागातील रक्तवाहिन्या सैलावतात, रक्त पायांकडे साचते, आणि उताणे झोपल्यावर गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या शिरेवर पडत असल्याने हृदयाकडे परतणारे रक्त आणखी घटते. मग दाब झपाट्याने उतरतो, मेंदूला रक्त कमी पडते आणि उमासे येऊ लागतात. म्हणून अशा वेळी उलटीच्या इंजेक्शनआधी आम्ही दाब पाहतो.

दाब पडण्याची वाट न पाहता भूल देताच फिनाइलेफ्रिन हे दाब टिकवणारे औषध पंपाने सुरू करणे, त्याच वेळी सलाईन वेगाने देणे आणि उजव्या कुशीखाली कापडाची घडी ठेवून शरीर थोडे डावीकडे कलते करणे, हा यावरचा खरा उपाय आहे. वरचा दाब मूळ आकड्याच्या ९० टक्क्यांखाली जाऊ नये असा प्रयत्न असतो. म्हणजे मूळ दाब १२० असेल, तर १०८ च्या वर. जोडीला ओन्डान्सेट्रॉन हे उलटीवरचे औषध ४ मिलिग्रॅम देता येते. डेक्सामेथासोन या उलटीवरच्या दुसऱ्या औषधाचा परिणाम सावकाश होतो, त्यामुळे ते नंतरच्या तासांसाठी उपयोगी पडते.

कडकडीत उपासाबद्दल मात्र स्पष्ट सांगतो: आपल्याकडच्या मे महिन्यात रात्रभर पाण्यावाचून राहिलेल्या बाईच्या अंगातले पाणी आधीच कमी झालेले असते आणि तिचा दाब अधिक पडू शकतो. ठरलेल्या शस्त्रक्रियेआधी हलके खाणे ६ तास आणि साधे पाणी २ तास बंद ठेवणे सहसा पुरेसे असते. दुधाचा चहा पाण्यात मोजू नये. तुमच्या डॉक्टरांनी वेगळी वेळ सांगितली असेल, तर तीच पाळावी.

परिचारिका, भुसावळ

यात थोडी भर घालते. बाळ बाहेर आल्यावरही मळमळ होऊ शकते: गर्भाशय शिवताना पोटात ओढ बसते, गर्भाशय आवळण्यासाठीचे ऑक्सिटोसिन भरभर दिले तर दाब उतरतो, आणि रक्तस्राव थांबवण्यासाठी मेथर्जिन द्यावे लागले तर त्यानेही उलटी होते. भुलीत मॉर्फिन मिसळले असल्यास वेदना छान आवरते, पण पुढचे काही तास मळमळ आणि खाज राहू शकते. अनेक बायका संकोचाने शेवटपर्यंत गप्प राहतात; तुम्ही मात्र छातीत कसेतरी होताच डोक्याशी उभ्या असलेल्या डॉक्टरांना लगेच सांगा आणि मान एका बाजूला वळवून ठेवा. तुम्हाला गाडी लागते का?

गिरणाकाठ, चाळीसगाव

हो, कन्नड घाटात हमखास लागते. पण त्याचा इथे काय संबंध, आणि उलटीच्या इंजेक्शननंतर बाळाला अंगावर पाजता येते का?

भूलतज्ज्ञ, धुळे

संबंध आहे. ज्यांना प्रवासात उलटी होते किंवा आधीच्या भुलीनंतर झाली आहे, त्यांना पुन्हा होण्याचा संभव जास्त असतो. अशा वेळी वेगवेगळ्या प्रकारची दोन औषधे आधीच देण्याचा विचार करतात, म्हणून या दोन्ही गोष्टी तपासणीच्या दिवशीच सांगा. ओन्डान्सेट्रॉनच्या नेहमीच्या मात्रेनंतर स्तनपान थांबवावे लागत नाही. हृदयाच्या ठोक्यांचा काही त्रास असेल किंवा इतर गोळ्या चालू असतील, तर तेही लपवू नका, आणि मागच्या शस्त्रक्रियेचा भुलीचा कागद घरात सापडला तर अवश्य सोबत न्या. त्या वेळी दाब किती उतरला होता, हे त्यावरून कळेल.