मदत हवी आहे : बाबांच्या चिखल्या आणि पोटॅशियम परमँगनेटचं पाणी

नमस्कार मंडळी,

त्वचारोग विभागात काम केलेलं कोणी इथे असेल तर कृपया लवकर सांगा.

बाबा राजापूर तालुक्यात, गावी असतात. वय ६६, मधुमेह आहे. लावणीत पंधरा दिवस चिखलात उभे राहिले आणि दरवर्षीसारख्या चिखल्या झाल्या. एरवी आई खोबरेल-हळद लावते आणि निभावतं. यंदा बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी पडून सोलली आणि उजवं पाऊल वरून चिघळून पाणी यायला लागलं. डॉक्टरांनी बुरशी आणि त्यावर जंतुसंसर्ग असं सांगितलं. गोळ्या दिल्या, मलम दिलं, आणि दिवसातून दोनदा पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यात पाय बुडवायला सांगितले. चिठ्ठीवर १:१०,००० एवढंच लिहिलंय. मेडिकलमध्ये जांभळ्या खड्यांची पुडी मिळाली. प्रमाण विचारलं तर म्हणाले, "चिमूटभर टाका."

आईच्या चिमटीत पाणी वांग्यासारखं जांभळं झालं. त्यात बाबा अर्धा अर्धा तास पाय सोडून बसले, जास्त वेळ बसलं तर लवकर बरं वाटेल म्हणून. तिसऱ्या दिवशी मी गावी पोचले तेव्हा नखं तपकिरी, टाचा कोरड्या पडून भेगाळलेल्या, आणि करंगळीच्या बाजूला तिळाएवढा काळा डाग. न विरघळलेला खडा तिथे चिकटून राहिला असणार. बाबा म्हणतात, "दुखत नाही गो." दुखत नाही याचीच मला जास्त धास्ती वाटते.

घरी प्रमाण कसं मोजायचं? किती वेळ, किती दिवस? आणि आईने उरलेलं घट्ट पाणी आगळाच्या (कोकमाच्या रसाच्या) रिकाम्या बाटलीत भरून ठेवलंय, ते उद्या चालेल का?

प्रतिसाद

ताई, मी १४ वर्षं त्वचारोग वॉर्डात परिचारिका आहे. आधी ती बाटली. हे वाचताक्षणी उठा, ते पाणी भरपूर पाण्याबरोबर मोरीत ओता आणि बाटली फेकून द्या. कोकणातल्या घरात आगळाच्या बाटलीत जांभळं पाणी, कोणीतरी सरबत म्हणून पेल्यात ओतणारच. ते पोटात गेलं तर तोंड, घसा, अन्ननलिका भाजते, जीवही जाऊ शकतो. इंग्लंडमध्ये हे गोळीच्या रूपात वापरतात. तिथे ती गोळी चुकून रुग्णांच्या पोटात जात होती, म्हणून एप्रिल २०२२ मध्ये एनएचएसला, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेला, सुरक्षा-इशारा काढावा लागला.

आता प्रमाण. १:१०,००० म्हणजे १० लिटर पाण्याला १ ग्रॅम. ती गोळी ४०० मिलिग्रॅमची असते आणि ४ लिटरमध्ये टाकतात, हिशोब तोच. घरच्या काट्यावर एवढं थोडं वजन कळत नाही. म्हणून पाच-सहा खडे प्लास्टिकच्या चमच्याने, हात न लावता, एका वेगळ्या पेल्यात कोमट पाण्यात पूर्ण विरघळवा. चार पदरी कापडातून गाळा. मग ते टबातल्या पाण्यात चमच्याचमच्याने घाला आणि फिकट गुलाबी झालं की थांबा. टब पांढरा घ्या, लाल बादलीत रंग कळत नाही. पाणी दर वेळी ताजं करा. तपकिरी झालं की ते निकामी झालं.

पाय १० ते १५ मिनिटंच. नखांना आधी व्हॅसलिन लावा. पाणी किती गरम ते बाबांना विचारू नका, तुम्ही कोपर बुडवून बघा. नंतर बेचक्या मऊ कापडाने टिपून कोरड्या करा आणि मलम लावा. बुरशी मलमाने आणि गोळ्यांनी जाईल, हे पाणी फक्त चिघळलेलं सुकवतं. तेव्हा पाणी येणं थांबलं की भिजवणं बंद, नाहीतर कातडी आणखी फाटेल. टाचांना ग्लिसरीन लावत असाल तर ती बाटली पुडीपासून लांब ठेवा, दोन्ही एकत्र आली तर पेट घेतात. आणि तो काळा डाग उद्याच डॉक्टरांना दाखवा. मधुमेहात न दुखणाऱ्या जखमेची वाट बघू नये.

प्रतिसाद

आमच्याकडे डेटॉल घालतात नाहीतर कडुलिंबाचा पाला उकळतात. ते चालणार नाही का?

प्रतिसाद

मी वरचीच परिचारिका. चिघळलेल्या कातडीवर नको. डेटॉलने आग होते, कधी नवीनच पुरळ उठतं. पाल्याच्या काढ्याचं तर प्रमाणच ठरलेलं नाही, आणि गरम काढ्याने मधुमेही पाय भाजलेले मी पाहिलेत.

धागाकर्ती

बाटली त्याच रात्री फेकली. आई रडली. धाकट्या भाच्याने दुपारी त्याच फळीवरून आगळ मागितलं होतं.

डॉक्टरांनी डाग पाहिला, वरवरचं भाजणं आहे, ड्रेसिंग दिलंय. मग एक बारीक नायलॉनचा धागा तळपायाला दहा जागी टेकवून विचारलं. सहा जागी बाबांना कळलंच नाही. ते डोळे मिटून "आता टेकवा" म्हणत राहिले आणि धागा तेव्हा टेकलेलाच होता.

आज पाचवा दिवस. फिकट पाण्याने चिघळलेलं सुकलंय, भिजवणं बंद केलं. लादीवरचे तपकिरी डाग लिंबाने गेले (पायाला लिंबू लावलेलं नाही, काळजी नसावी). पण बाबा पुढच्या वर्षीही लावणीला उतरणारच. साधे गमबूट चिखलात रुतून पायातून निघतात. बाबांना ९ नंबर लागतो, पाऊल रुंद आहे. लावणीत टिकेल असं काही कोणी वापरलं आहे का?