जुन्या ५.१ होम थिएटर सेटला (पाच स्पीकर, एक सब) वेगळा सबवूफर, म्हणजे बेसचा स्पीकर, जोडता येईल का?

मंडळी, सेटसोबतचा सब नुसता घुमतो, तबल्याचा डग्गासुद्धा पिंप बडवल्यासारखा वाटतो. नवीन पॉवर्ड सब (आत स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असलेला) घ्यायचाय पण सेटच्या मागे प्री-आउट (बाहेरच्या अ‍ॅम्पसाठी सिग्नल देणारं सॉकेट) दिसत नाही, नुसत्या वायरी खोचायच्या क्लिपा आहेत. कसं जोडू?

उत्तर १: म्हणजे तुमचा सब पॅसिव्ह आहे, त्याचा अ‍ॅम्प मेन युनिटमधेच. ती वायर नव्या सबच्या आरसीए सॉकेटमधे (हलक्या सिग्नलसाठीचं गोल सॉकेट) अजिबात घालू नका, इनपुट उडेल. हाय लेव्हल इनपुटवाला (स्पीकरची वायर थेट घेणारा) सब बघा. आणि आधी मॅन्युअल वाचा, अ‍ॅम्प ब्रिज्ड (दोन्ही टोकांत सिग्नल असलेला) असेल आणि निगेटिव्ह टोक ग्राउंडला लागलं तर अ‍ॅम्पच जातो.

उत्तर २: घाई नको, आधी जागा बदलून बघा! सब सोफ्यावर ठेवा, बेसवालं गाणं लावा आणि भिंतीकडेने रांगत फिरा, जिथे बेस साफ ऐकू येईल तिथे सब ठेवायचा. माझा कोपऱ्यातून दीड फूट पुढे घेतला, घुमणं बरंच गेलं.

उत्तर ३: पुढेमागे एव्हीआर (होम थिएटरचा रिसीव्हर) घेतलात तर त्याच्या सेटिंगमधे स्पीकर 'स्मॉल' करा, क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा आवाज सबकडे जातो ती फ्रिक्वेन्सी) ८० हर्ट्झपासून सुरू करा, छोटे सॅटेलाइट असतील तर १२० पर्यंत. सबवरचा क्रॉसओव्हर नॉब फुल, विभागणी एव्हीआरच करतो.

प्रश्नकर्ता: आज रात्रीच रांगतो, खूप आभार!