यादीबाहेरची जोडखरेदी : नकार द्यावा की फायदा घ्यावा?

धागाकर्ता (धंतोली, नागपूर)

मागच्या पावसाळ्यात वर्धा मार्गावरील एका मोठ्या दुकानात मी दोन किलो तांदूळ आणि अंगाच्या साबणाची एक वडी, एवढेच घेण्यासाठी गेलो होतो. पाच किलो तांदळाच्या पिशवीवर साखर सवलतीत होती, तीन वड्यांवर चौथी मोफत होती आणि बिल होत असताना गल्ल्यावरील मुलाने सांगितले की, आणखी दोनशे रुपयांची खरेदी केली तर तेलाची पिशवी निम्म्या किमतीत मिळेल. मागे रांग उभी होती आणि मी सगळ्याला होकार दिला. घरी आम्ही दोघेच आहोत. महिनाभरात त्या तांदळाला सोंडे लागले.

तेव्हापासून माझे मत पक्के झाले आहे की, किती घ्यायचे हे घरी ठरले पाहिजे, गल्ल्यावर नव्हे. 'दोनावर एक मोफत' म्हणजे प्रत्येक नगामागे एकतृतीयांश सूट असते हे खरे, परंतु तिन्ही नग मुदतीत वापरले गेले तरच. गरज एकाच नगाची असेल, तर आपण दुप्पट पैसे मोजलेले असतात.

पुड्यावरील एकक दर, म्हणजे एका ग्रॅमची किंवा किलोची किंमत, पाहण्याची सवयही सर्वांनी लावून घ्यावी, असे मला मनापासून वाटते. वेष्टित वस्तूंच्या नियमांत 2021 साली झालेल्या दुरुस्तीने हा दर छापणे आवश्यक केले आहे. मात्र एक किलोपेक्षा कमी वजनाच्या पुड्यावर तो प्रतिग्रॅम असतो आणि जास्त वजनाच्या पुड्यावर प्रतिकिलो, त्यामुळे हजाराने गुणल्याशिवाय तुलना होत नाही. समजा, अर्धा किलोचा पुडा 80 रुपयांना आहे, म्हणजे त्यावर 0.16 रुपये प्रतिग्रॅम, अर्थात 160 रुपये प्रतिकिलो, असा दर छापलेला असेल. शेजारच्या पाच किलोच्या पिशवीची किंमत 775 रुपये, म्हणजे 155 रुपये प्रतिकिलो. किलोमागे पाच रुपये वाचवण्यासाठी आपण जवळजवळ सातशे रुपये जास्तीचे अडकवतो. शाम्पूच्या बाबतीत तर कित्येकदा उलटेच असते आणि बाटलीपेक्षा पुडीतला शाम्पू स्वस्त पडतो.

महालमधील गृहिणी

दादा, आपला तांदूळ खराब झाला याचे वाईट वाटते, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. आमच्या घरी सात माणसे आहेत. सासूबाईंच्या काळापासून आम्ही उन्हाळ्यात इतवारीच्या बाजारातून वर्षभराचे गहू आणि डाळ आणतो, नागपूरचे कडक ऊन दाखवतो, कडुलिंबाचा पाला घालून कोठीत भरतो आणि दिवाळीनंतरही ते धान्य जसेच्या तसे निघते. एकदम जास्त घेणे हा मोह नसून संसाराचे शहाणपण आहे. साबणाला तर कीडही लागत नाही. चार वड्या आमच्याकडे महिन्यात संपतात. दोन माणसांच्या घराचा नियम सर्वांना लावू नये.

गोकुळपेठेतील किराणा दुकानदार

मी चोवीस वर्षे दुकान चालवतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. बहुतेक योजना कंपनीकडून येतात आणि ठरलेला माल उचलला तरच आम्हाला जास्तीची सूट मिळते. 'आणखी काही हवे का' असे विचारणे हा आमचा व्यवसायच आहे, त्यात फसवणूक कुठे आली? ग्राहकाने नको म्हटले की विषय संपतो. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगतो : जोडीतल्या मोफत वस्तूवरील तारीख जरूर वाचा, कारण मुदत जवळ आलेला माल संपवण्यासाठीही अशा जोड्या लावल्या जातात. ज्याच्या घरी तो माल आठवड्यात संपतो, त्याला यात निव्वळ लाभच आहे.

धागाकर्ता

ताई, साबणाबाबत आपले म्हणणे मान्य. पण आपल्या गव्हाचा निर्णय इतवारीत जाण्यापूर्वी घरी झालेला असतो, माझ्या तांदळाचा तसा झाला नव्हता, आणि माझा मुद्दा तेवढाच आहे.

दुकानदार काका, नको म्हणणे आपण समजता तेवढे सोपे नसते, विशेषतः मागे रांग असताना आणि समोरचा मुलगा अजीजीने विचारत असताना. विचारण्याला माझी हरकत नाही. पण एक वस्तू घेतल्याखेरीज दुसरी द्यायचीच नाही, अशी अट काही ठिकाणी घातली जाते. ती ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार प्रतिबंधात्मक व्यापार प्रथा ठरते आणि तिच्याबद्दल 1915 या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर तक्रार करता येते.

भाड्याच्या खोलीत राहणारी विद्यार्थिनी (सदर, नागपूर)

काकांचे 'नको म्हटले की विषय संपतो' हे वाक्य मोबाईलवरील खरेदीला अजिबात लागू पडत नाही. तिथे पैसे भरण्याच्या पानावर विमा किंवा देणगी आधीच खूण करून जोडलेली असते आणि ती शोधून काढावी लागते. 30 नोव्हेंबर 2023 रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा 13 फसव्या पद्धतींवर मार्गदर्शक तत्त्वे काढली. न विचारता टोपलीत वस्तू घालणे ही त्यांपैकीच एक. घरपोच शुल्काचे तीस रुपये वाचावेत म्हणून मी साठ रुपयांची बिस्किटे कितीदा घेतली आहेत, आणि आता मी ते शुल्क भरून मोकळी होते. पण दादा, घरी ठरवण्यासाठी हाताशी पैसा असावा लागतो. महिनाअखेरीस मला लहान पुडाच परवडतो, मग त्याचा दर कितीही चढा असो.

महालमधील गृहिणी

मुली, तुझे म्हणणे अगदी खरे आहे. दादा, तरीही माझा विरोध कायम आहे. मी यादीत फक्त 'तूर' एवढेच लिहिते, किती हे लिहीत नाही. भाव उतरलेला दिसला आणि डबा रिकामा असला, तर मी दुकानातच उभी राहून पाच किलो घेण्याचे ठरवते आणि घरी कोणालाही विचारत नाही.