पावसाच्या पाण्याच्या टाकीसाठी घरगुती पातळीदर्शक: कोणता सेन्सर घ्यावा?

पागोळी: पन्हळीचे पाणी साठवण्यासाठी माझ्याकडे १.८ मीटर उंचीची झाकणबंद प्लास्टिकची टाकी आहे आणि तिच्यात पाणी किती उरले आहे, हे घरात बसून समजावे एवढीच अपेक्षा आहे. ईएसपी३२ हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड हाताशी आहे. सेन्सरवर बोर्डाच्या किमतीहून अधिक खर्च करायचा नाही. पाच सेंटिमीटरची चूक चालेल.

तांब्याची तार: सेन्सर हवाच कशाला? चार उंचींवर चार तारा सोडाव्यात, तळाशी एक सामाईक तार ठेवावी आणि यूएलएन२००३ या ट्रान्झिस्टर-चिपवरून चार दिवे लावावेत. माझ्या नळाच्या टाकीवर हे सहा वर्षे बिनतक्रार चालले आहे. तारा तेवढ्या दोनदा बदलाव्या लागल्या.

जुना रेडिओ: याला बिनतक्रार म्हणत नाहीत. पाण्यातून एकाच दिशेने डीसी प्रवाह सतत वाहत राहिला की विद्युत-विघटनाने धन टोकाची तार झिजत जाते. शिवाय पावसाच्या पाण्यात क्षार फारच कमी असल्यामुळे ते नळाच्या पाण्याइतकी वीज वाहून नेत नाही, आणि नळाच्या पाण्यावर बेतलेले सर्किट भरलेली टाकीही रिकामी दाखवू शकते. तारांचाच आग्रह असेल, तर स्टेनलेस स्टीलच्या सळया वापराव्यात, मोजणीपुरताच क्षणभर विद्युतदाब द्यावा आणि दर वेळी ध्रुव उलटावेत.

अर्धवट इंजिनिअर: अल्ट्रासोनिक, म्हणजे ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा सेन्सरच घ्यावा. मी आधी त्यातला एचसी-एसआर०४ झाकणाला आतून चिकटवला होता. बंद टाकीतील वाफेचे थेंब त्याच्या जाळीवर साचून तो दोन महिन्यांत गंजला. नंतर घेतलेला जलरोधक जेएसएन-एसआर०४टी अजून टिकून आहे, मात्र तोंडापासूनचे सुमारे २० ते २५ सेंटिमीटर त्याला दिसतच नाहीत आणि टाकी काठोकाठ भरली की तो वाटेल ते आकडे सांगतो. मी त्याकडे दुर्लक्ष करतो.

तांब्याची तार: म्हणजे टाकी भरून वाहत असताना तो गप्प! आणि तापमानागणिक ध्वनीचा वेग बदलतो, त्याचे काय?

जुना रेडिओ: २० अंश सेल्सिअसला हा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो आणि दर अंशामागे साधारण ०.६ मीटरने बदलतो. दहा अंशांच्या फरकाने १.८ मीटरवर जेमतेम ३ सेंटिमीटरची चूक होईल, जी प्रश्नकर्त्यांना चालणार आहे. खरी काळजी वेगळी आहे: ५ व्होल्टवर चालवलेल्या सेन्सरची एको (प्रतिध्वनीचा संकेत देणारी) पिन थेट ईएसपी३२ ला जोडू नये. मध्ये दोन रोध (रेझिस्टर) घालून तो विद्युतदाब ३.३ व्होल्टच्या आत आणावा.

खोल पाणी: तळाशी सोडायचा, पाण्याच्या दाबानुसार ४ ते २० मिलिअँपियर प्रवाह देणारा दाब-सेन्सर घेऊन मोकळे व्हावे. एक मीटर पाण्याचा दाब ९.८ किलोपास्कल, हिशोब सरळ आहे. महाग असतो, पण मी दोन घेतले.

पागोळी: माझी खर्चाची मर्यादा वर लिहिली आहे.

खोल पाणी: वाचली. तरीही हाच घ्यावा.

नवा भिडू: वरचे सगळे वाचलेले नाही, परंतु चार तारा सोडल्या तर स्वस्तात काम होईल असे वाटते.

पागोळी: सर्वांचे आभार. जुन्या यंत्रातून काढलेले दहा फेऱ्यांचे पोटेन्शिओमीटर (दांडा फिरवला की रोध बदलणारा भाग) मला घरातच सापडले आहे. त्याच्या दांड्याला २० सेंटिमीटर परिघाची, म्हणजे सुमारे ६.४ सेंटिमीटर व्यासाची कप्पी बसवत आहे. तिच्यावरून गुंडाळून नेलेल्या दोरीच्या एका टोकाला पाण्यावर तरंगणारा फ्लोट आणि दुसऱ्या टोकाला वजन राहील. १.८ मीटरला बरोबर नऊ फेऱ्या होतात. मधली अर्धी ते साडेनऊ फेरी वापरणार आहे, कारण ईएसपी३२ चे एडीसी (विद्युतदाब आकड्यात बदलणारा भाग) दोन्ही टोकांना नीट मोजत नाही. पाण्यात वीज जाणार नाही आणि वाफेचाही प्रश्न नाही.

जुना रेडिओ: दोरी ओली होऊन ताणली जाईल. नायलॉनची घेऊ नये.

पागोळी: नायलॉनचीच बांधून झाली आहे.

अर्धवट इंजिनिअर: दोरीच्या भोकातून डास आत जातील, तिथे जाळी लावावी. अल्ट्रासोनिकला भोक लागत नाही.

तांब्याची तार: लागते. केबल कुठून नेणार?