'इंटरमिटंट' नेमकं कधी लिहायचं?

जीएनएम_सेकंडइयर: नमस्कार, माझी शाळा मराठी मिडियमची, आता जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) सेकंड इयरला आहे. केस शीटवर कुठे इंटरमिटंट फिव्हर असतं कुठे रेमिटंट, पुस्तकात इंटरमिटंट पेन पण येतं. डिक्शनरीत 'अधूनमधून' दिलंय, पण मग ऑकेजनल पण तेच ना? पेशंट म्हणतो ताप येतो-जातो, तर सरळ इंटरमिटंट लिहू का?

वॉर्डातली_ताई: सरळ नको गं लिहूस, आधी चार्ट बघ. ताप दिवसातून कधीतरी पूर्ण उतरून नॉर्मलला येतो आणि परत चढतो तो इंटरमिटंट. वरखाली होतो पण नॉर्मलला टेकतच नाही तो रेमिटंट. आणि 24 तासांत 1 डिग्री सेल्सिअसपेक्षा जास्त हलत नाही, नॉर्मललाही येत नाही, तो कंटिन्युअस. पेशंटचं काय, 103 चा 100 झाला तरी तो म्हणणार उतरला, म्हणून त्याच्या शब्दावर जाऊ नकोस. पॅरासिटामॉल दिलं असेल तर वेळ शेजारी लिही, नाहीतर गोळीने उतरलेला ताप बघून पॅटर्न चुकतो. व्हायवॅक्स मलेरियात साधारण 48 तासांनी हुडहुडी भरून ताप येतो आणि मधल्या वेळात माणूस बरा असतो, जुनी माणसं त्यालाच एकांतरा म्हणायची.

इंग्रजीचा_मास्तर: ऑकेजनल म्हणजे क्वचित कधीतरी. इंटरमिटंटमध्ये 'किती वेळा' हा मुद्दाच नाही, दर पाच मिनिटांनी कळ आली तरी ती इंटरमिटंटच, फक्त मध्ये पूर्ण थांबली पाहिजे. आपण 'पोटात राहून राहून कळ येते' म्हणतो ना, अगदी तेच. डिक्शनरीतल्या 'अधूनमधून'मुळेच घोळ होतो, मी तर वर्गात 'थांबून थांबून' असंच सांगतो.

सर्जरी_वॉर्ड: इंटरमिटंट क्लॉडिकेशन पण करून ठेव, परीक्षेला येतं. पायाच्या धमन्या अरुंद झाल्या की चालताना पोटरीला रक्त पुरत नाही, पोटरी भरून येते, माणूस थांबतो, काही मिनिटांत बरं वाटतं, चालायला लागला की परत तेच. हिस्टरी घेताना दोन गोष्टी विचारच, किती चाललं की थांबावं लागतं आणि नुसतं उभं राहून जातं का. बसल्याशिवाय किंवा पुढे वाकल्याशिवाय जात नसेल तर दुखणं मणक्याचं असू शकतं.

जीएनएम_सेकंडइयर: खूप थँक्यू सगळ्यांना! ताई, सहा-सहा तासांच्या चार्टवरून ठरवता येईल का?

वॉर्डातली_ताई: मधला उतार निसटतो गं, ताप असेल तर चार-चार तासांनी घे, रात्रीचं रीडिंग चुकवू नकोस.