लॅबमधल्या जुन्या मायक्रोस्कोपना बुरशी, नॉब जड – निर्लेखनाआधी (भंगारात काढण्याआधी) काही करता येईल का?

रातांबा

नमस्कार. सावंतवाडीजवळच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी प्रयोगशाळा सहायक आहे. यंदा सहावं वर्ष. बायोलॉजीच्या डेडस्टॉक रजिस्टरवर (टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत) २२ मायक्रोस्कोप आहेत. सगळे अंबाल्याचे, एका नळीचे, खाली आरसा. सगळ्यात जुन्याची नोंद १९८७ची आहे. अकरावीच्या मुलांना रिओ या झाडाच्या पानाची रंध्रं दाखवायची म्हटलं तर आज त्यातले आठच धड आहेत.

बऱ्याच मायक्रोस्कोपना १० एक्सच्या ऑब्जेक्टिव्हवर (स्लाइडकडच्या, दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगावर) चांगलं दिसतं, पण ४० एक्सवर सगळं दुधाळ होतं. सहांच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी धरलंय. आणि फोकसचा मोठा नॉब इतका जड झालाय की मुली दोन्ही हातांनी फिरवतात. मे महिन्यात मी तिघांच्या नॉबमध्ये शिलाई मशीनचं तेल सोडलं. चार दिवस छान फिरले, आता नळी आपोआप खाली घसरते. गेल्या आठवड्यात त्यापायी दोन पर्मनंट स्लाइड फुटल्या. फार वाईट वाटलं.

मागच्या वर्षी एक सर्व्हिसवाले येऊन गेले. प्रत्येकाला बाहेरून फडकं मारलं आणि २२चं बिल लावलं. आता वरून सांगतात, निर्लेखनाचा प्रस्ताव तयार करा. नवीन कधी येणार ते मात्र कोणी बोलत नाही. पावसाळ्यात आम्ही प्रत्येकाला प्लास्टिकची पिशवी बांधून त्याच्या लाकडी पेटीत कुलूपबंद ठेवतो, तरी हे होतं. मला हे टाकून द्यायचे नाहीत. सुरुवात कुठून करू?

मिरजेचा मेकॅनिक

ताई, निर्लेखनाचा कागद थोडे दिवस थांबवा. तुम्ही लिहिलंय त्यावरून निम्म्याहून जास्त तुमच्याच हातांनी सुरू होतील. मिरज-सांगलीकडच्या दवाखान्यांत आणि कॉलेजांत मी ३१ वर्षं हेच काम केलं. आता डोळ्यांमुळे बारीक काम होत नाही, पण सांगू शकतो.

आधी ४० एक्स. ती बुरशी नसणार. ४० एक्सचं तोंड फोकसला आलं की स्लाइडपासून जेमतेम अर्धा मिलिमीटर लांब असतं. मुलं ओला माउंट (काचेवर द्रवाच्या थेंबात नमुना) करतात, नॉब जास्त फिरतो आणि तोंड ग्लिसरीनमध्ये, सॅफ्रनिनच्या रंगात बुडतं. तुमच्याकडे १०० एक्स असेल तर त्याला लागणाऱ्या सीडारवुड तेलाचा थेंब तसाच ठेवून मुलं नोजपीस (ऑब्जेक्टिव्ह बसवलेली चकती) फिरवतात आणि शेजारचं ४० एक्स त्या थेंबातून ओढत जातं. हे तेल वाळून कडक होतं.

खात्री करून घ्या. आयपीस (डोळा लावायचं वरचं भिंग) काढा, उलटा करा आणि डोळ्याला लावा. तेच तुमचं भिंग. ऑब्जेक्टिव्ह काढून त्याच्यासमोर धरा आणि उजेडात तिरकं करा. मोहरीएवढी काच दिसेल आणि तिच्यावर वाळलेल्या डिंकासारखा पिवळट पापुद्रा. दातकोरणीच्या टोकाला कापूस गुंडाळा, झायलीन या द्रावकाचा एक थेंब कापसाला लावा (काचेवर ओतायचा नाही), मधून कडेकडे गोल फिरवा आणि कापूस फेका. पुन्हा नवा कापूस. तीन-चार वेळा केलं की काच काळीभोर, स्वच्छ दिसते. शेवटी कोरडा लेन्स पेपर. रुमाल नको, पदर तर मुळीच नको. स्पिरिटही नको. जुन्या ऑब्जेक्टिव्हमध्ये भिंगं चिकटवलेली असतात, स्पिरिटनं तो चिकटा सुटतो. झायलीनही जास्त झालं तर तेच होतं, म्हणून एकच थेंब.

आता जाळं. ते कुठे आहे हे कळल्याशिवाय एकही स्क्रू फिरवू नका. बघता बघता आयपीस फिरवा. डाग बरोबर फिरला तर तो आयपीसमध्ये आहे. ऑब्जेक्टिव्ह बदलल्यावर गेला तर ऑब्जेक्टिव्हमध्ये. स्लाइड सरकवल्यावर हलला तर स्लाइडवरच. माझा अनुभव असा की निम्मी जाळी आयपीसमध्येच निघतात, आणि आयपीस तुम्ही उघडू शकता. साध्या आयपीसमध्ये दोनच भिंगं असतात, वरचं लहान, खालचं मोठं. एका बाजूला सपाट, दुसऱ्या बाजूला फुगीर. बसवताना दोघांची फुगीर बाजू खाली, स्लाइडकडे. हे आधी कागदावर काढून ठेवा, कारण उलटं बसलं की चित्र कडेनं वाकडं येतं आणि मग लोक दिवसभर आरसा फिरवत बसतात. भिंगं कोमट पाण्यात साबणाचा थेंब टाकून धुवा आणि सावलीत पूर्ण वाळू द्या. धुतल्यावरही रेषा राहिल्या तर बुरशीनं काच खाल्लीय, ती परत येत नाही.

ऑब्जेक्टिव्ह मात्र उघडायचं नाही. मीही उघडलं नाही. आतल्या भिंगांचं अंतर केसभर चुकलं तरी ते कायमचं गेलं.

नॉबचं काय झालं ते सांगतो. कारखान्यातलं ग्रीस वर्षानुवर्षं धूळ खाऊन मेणासारखं झालं, म्हणून तो जड. तेलानं ते मेण पातळ केलं, म्हणून नळी घसरते. मागे अडवणारा स्क्रू असला तर तो काढा आणि नळी वर चढवत न्या, रॅकमधून (दात्यांच्या पट्टीतून) सुटून हातात येईल. घसरणारी पितळी पट्टी आणि तिची खाच रॉकेलच्या फडक्यानं पुसा, काळं येणं थांबेपर्यंत. दाते जुन्या टूथब्रशनं. मग पांढरं लिथियम ग्रीस बोटाला लावून फक्त पट्टीवर पुसट ओढा, दात्यांना नावापुरतं. जोडल्यावर एका बाजूचा मोठा नॉब घट्ट धरा आणि दुसऱ्या बाजूचा घड्याळाच्या दिशेनं किंचित पिळा. बऱ्याच मॉडेलमध्ये ताण असाच वाढतो. नळी जिथे सोडाल तिथे थांबली पाहिजे.

बारीक नॉब अडला तर जोर लावू नका. बहुतेक वेळा तो शेवटच्या टोकाला गेलेला असतो. उलटा फिरवून मधोमध आणा, मग मोठ्या नॉबनं फोकस घ्या.

आणि ताई, त्या पिशव्या आजच सोडा. साफसफाईच्याही आधी हे करा. पिशवीत ओल कोंडते, लाकूड ओल धरून ठेवतं आणि अंधार असतो. बुरशीला आणखी काय हवं? एक लोखंडी कपाट मागून घ्या. तळाशी पिवळा तापणारा बल्ब, १५ ते ४० वॅटचा, चोवीस तास चालू. पूर्वीचा झिरोचा बल्ब १५ वॅटचा असायचा, तो यासाठी उत्तम. हल्ली झिरो म्हणून एलईडी देतात, ते तापत नाही, उपयोग नाही. बल्बपासून वीतभर काहीही ठेवायचं नाही आणि कपाटाला खाली-वर दोन-चार भोकं हवीत. आतली हवा चार-पाच अंशांनी गरम राहिली तरी दमटपणा उतरतो. ऑब्जेक्टिव्ह आणि आयपीस काढून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा. निळं जेल गुलाबी झालं की ओव्हनमध्ये ११० अंशांवर तापवा, पुन्हा निळं होतं.

स्प्युटम_कप

मी चंद्रपूरकडे सरकारी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. मेकॅनिककाकांनी सगळं सांगितलंच आहे, मी खरेदीचं सांगतो. आमचं १०० एक्स खराब झालं म्हणून पुरवठादाराकडून नवं मागवलं. चुडी (आटे) बरोबर बसली, पण चित्र काही केल्या स्वच्छ येईना. वर ∞ (अनंत) असं चिन्ह होतं, म्हणजे ते वेगळ्या, नव्या प्रकारच्या मायक्रोस्कोपचं. जुन्या नळीला १६०/०.१७ असं कोरलेलंच ऑब्जेक्टिव्ह लागतं. १६० म्हणजे नळीची लांबी मिलिमीटरमध्ये, ०.१७ म्हणजे कव्हरस्लिपची (नमुन्यावरच्या पातळ काचेची) जाडी. चुडी दोघांची सारखीच असते, म्हणून फसायला होतं. ऑर्डरमध्ये हा आकडा लिहून द्या.

मी इतकं पोटतिडकीनं सांगतोय कारण टीबीच्या थुंकीची स्लाइड निगेटिव्ह म्हणायची तर आम्ही १०० फील्ड (एका वेळी दिसणारी गोल जागा) बघतो. भिंग धुरकट असेल तर शंभरही फुकट, आणि तो माणूस खोकत घरी जातो.

अबोली_बॉटनी

आरशांकडेही बघा. पारा उडालेला असेल तर सपाट बाजू काचवाल्याकडून त्याच मापाची कापून मिळते, मी चार बसवून घेतल्या. अंतर्वक्र बाजू मिळत नाही, ती जपा. खाली कंडेन्सर (उजेड एकवटणारं भिंग) असेल तर सपाट बाजू वापरायची, नसेल तर अंतर्वक्र. आमच्याकडे वर्षानुवर्षं उलटं चाललं होतं. जुलैत खिडकीतून उजेडच येत नाही, तेव्हा मी एलईडी बल्बसमोर बटर पेपर लावून टेबलावर ठेवते.

रातांबा

तीन आठवड्यांनी लिहितेय. २२पैकी १७ सुरू झाले! ४० एक्सचं तंतोतंत तसंच होतं, पिवळा पापुद्रा. पहिल्या ऑब्जेक्टिव्हला पाच वेळा कापूस लागला. सहा जाळ्यांपैकी चार आयपीसमध्ये निघाली. एकाचं खालचं भिंग मी उलटं बसवलं होतं, तुम्ही काढायला सांगितलेला कागद बघून पुन्हा फिरवलं. शिपाईमामांनी रॉकेल आणि कपाट दोन्ही मिळवून दिलं. शुक्रवारी मुलांनी कांद्याच्या मुळाच्या टोकात विभाजन होणाऱ्या पेशी बघितल्या. सगळ्या बाकांवर, एकाच वेळी.

दोघांच्या ४० एक्सच्या आत जाळं आहे, ते उघडलं नाही. तिघांच्या रॅकचे दाते तुटलेत. या पाचांचं काय करू? आणि रजिस्टरवर दुरुस्ती कशी दाखवू?

मिरजेचा मेकॅनिक

फार बरं वाटलं वाचून. जाळंवाले दोघं टाकू नका, १० एक्सवर चालवा आणि ४० एक्स तेवढं नवं मागवा, १६०/०.१७चं. दाते तुटलेल्या तिघांचाच प्रस्ताव करा. त्यांचे आरसे, आयपीस, क्लिपा आणि चांगली ऑब्जेक्टिव्ह सुटे भाग म्हणून काढायला प्राचार्यांची लेखी परवानगी आधी घ्या, आणि कुठल्या क्रमांकाचा भाग कुठल्याला लावला ते शेऱ्याच्या रकान्यात तारखेसह लिहा. मायक्रोस्कोपच्या पायावर क्रमांक पुसला गेला असेल तर आताच रंगवून घ्या.